लेस्टरच्या फोटोवरचा हार

शुक्रवार, १२ एप्रिल १९८५

सगळी उमेद पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घालवून मी निवृत्त झाले, ती काही आखातातल्या वाळवंटात बसून नातीची वेणी घालायला नव्हे. नातही अशी, की "मुक्ता, फणी आण" म्हटलं की "इन अ मिनिट, आजी" असं उत्तर येतं आणि ते मिनिट काही संपत नाही. शशिकांत उजाडायच्या आत गॅस प्लँटवर जातो. मालविका दिवसभर हळू आवाजात बोलते. सून हळू बोलायला लागली की समजावं, आपण घरात जास्त झालो.

आज तीच म्हणाली, "आई, समोरच्या मिसेस हॅल्वर्सनना मदतीला कुणीतरी हवंय. फोटोंचं प्रदर्शन आहे. तुमचं इंग्रजी, तुमचं अक्षर..."

"म्हणजे मला घराबाहेर काढायचंय."

"तसं नाही हो, आई."

तसंच होतं. पण गेले.

तिच्या जेवणाच्या टेबलावर फोटोच फोटो. युद्ध संपल्याला यंदा चाळीस वर्षं, म्हणून इथल्या अमेरिकन बायका आपापल्या घरच्या वैमानिकांचे फोटो जमवून कंपाउंडच्या क्लबहाउसमध्ये लावणार आहेत. मला युद्धातले गोरे सोल्जर ठाऊक आहेत ते बुटांपुरते. कॅम्पातून जाताना कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स आम्हाला मान खाली घालून चालायला लावत. आज पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. पोरं आहेत नुसती! भर उन्हात विमानाच्या पंखाखाली उभी, आणि अंगावर मेंढीच्या कातड्याची जाकिटं, लोकर आतून. तशाच विजारी, तसेच बूट. चामडी टोप्यांना कानाशी फोनचे गोळे. ते मात्र माझ्या ओळखीचे, आमच्या एक्स्चेंजच्या मुलींच्या डोक्यावर तसेच असायचे. ऑक्सिजनचा मुखवटा गालाशी लोंबतोय. पॅराशूटचे पट्टे मांड्यांमधून इतके आवळलेले, की सरळ चालता येऊ नये.

"अस्वलं दिसताहेत," मी म्हणाले.

बाई रागावली नाही, हसली. "जमिनीवर घामाने निथळायचे. वर गेल्यावर श्वाससुद्धा गोठायचा. म्हणून खालूनच सगळं चढवून जायचं."

मग एक फोटो पुढे सरकवला. "हा माझा भाऊ, लेस्टर. तुमच्या आसामातून डोंगर ओलांडून चीनला सामान न्यायचा. तिथून परत आलेला नाही."

लेस्टर पाठमोरा आहे. अंगात मेंढीचं नाही, साधं चामडी जाकीट. पाठीवर रेशमाचा चौकोन शिवलेला, त्यावर झेंडा आणि चिनी अक्षरं: हा माणूस तुमच्या मुलखात पडला तर त्याला मदत करा. मान मागे वळवून तो हसतोय. पाठीवर विनवणी आणि तोंडावर हसू! मला जरा चीड आली. कुणाची, ते कळलं नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

फोटोंखालची नावं मी लिहिते आहे. त्या बायकांनी आसामचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं केलं होतं. आयडाला (तिने पहिल्या नावाने हाक मारायला लावलंय) म्हटलं, ज्या देशात पोरं पाठवली त्याचं नाव तरी नीट लिहा. ती म्हणाली, "बरोबर आहे, व्हीबा." विभावरी तिच्या तोंडात मावत नाही. मालविकाला वाटतं मला राग येईल. नाही येत.

आज जाकिटाची गोष्ट कळली. शेवटच्या दिवशी लेस्टर मेंढीच्या कातड्याचं घालून गेला, म्हणून चामडी जाकीट ट्रंकेत राहिलं आणि ट्रंक घरी आली. आयडाची आई अजून आहे, नेब्रास्कात, अठ्ठ्याऐंशीची. दर ऑक्टोबरात ती ते जाकीट बाहेर काढते, तेलाचं बोट फिरवते, मनगटाच्या लोकरीला कसर लागलीय का पाहते आणि परत खुंटीला लावते.

"चामड्याला तेल दिलं नाही तर चिरा पडतात," आयडा म्हणाली. "लेस्टरला कडक बाह्या आवडत नाहीत."

असं म्हणाली, जणू तो आतल्या खोलीत कपडे बदलतोय.

चाळीस वर्षं एका जाकिटाला तेल! आमच्याकडे माणूस गेला की तेराव्याला मोकळं व्हायचं. हे गेले तेव्हा मी महिन्याभरात त्यांचे सगळे कोट देऊन टाकले. शशिकांत गप्प होता, पण त्याला काय, तो इथे पळून आला.

गुरुवार, ९ मे

उद्या प्रदर्शन. आज शहाजीने मला आणि फोटोंच्या खोक्यांना क्लबहाउसवर सोडलं. शहाजी शशिकांतच्या कंपनीचा ड्रायव्हर, माणदेशातला. बायकोमुलं गावी. सामान उचलायला थांब म्हटलं की थांबतो.

भिंतीवर फोटो लागले आणि मला कसंसंच झालं. नुसत्या चौकटी. कॅलेंडरं लावावीत तशी. ज्यांनी जीव दिला त्यांच्यापुढे एक फूल नाही, उदबत्ती नाही. या गावात फूल मिळणार कुठे? मग मला ह्यांच्या फोटोवरचा हार आठवला. चंदनाच्या पातळ कपच्यांचा, तुळशीबागेतून मी स्वतः निवडून आणलेला. शहाजीला गाडी घरी फिरवायला सांगितली, खुर्चीवर चढून हार काढला, पिशवीत घातला. मालविका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

क्लबहाउसवर येऊन मी स्टूल ओढलं आणि लेस्टरला हार घातला. काचेवर गंधाचं बोटही लावलं. मधोमध त्याचा फोटो, बाकीचे दोन्ही बाजूंना. आता कुठे त्या भिंतीला भिंतपण आलं. शहाजीने दारातच चपला काढल्या, जवळ येऊन हात जोडले.

"लई तरणं पोर की, आईसाहेब. कवा वारलं?"

"लढाईत," मी म्हटलं, आणि दोरा खिळ्याला नीट अडकवत होते तोच आयडा आत आली.

ती बघतच राहिली. हार हातात घेऊन हुंगला. "किती सुंदर! चंदन? व्हीबा, हा तुमच्याकडे स्वागताला घालतात ना? विमानतळावर बघितलंय मी."

मी स्टुलावरून उतरले. म्हटलं, "मान म्हणून घालतात."

खोटं नव्हतं. अगदीच खोटं नव्हतं.

शनिवार, ११ मे

प्रदर्शन उत्तम झालं. नावांच्या अक्षरांची सगळ्यांनी तारीफ केली. हार तर दहा जणींनी हातात घेऊन पाहिला. कुणी विचारलं की आयडा सांगायची, "इट्स ॲन ऑनर. माझ्या मैत्रिणीने घातलाय." मैत्रीण हा शब्द तिने तीनदा वापरला.

एकीने तिथल्या तिथे फोटो छापून देणाऱ्या झटपट कॅमेऱ्याने हार घातलेल्या लेस्टरचा फोटो काढला. आयडा म्हणाली, हा आईला पाठवते. मी म्हटलं, थांब, पत्ता मी लिहिते, तुझं अक्षर पोस्टमनला लागायचं नाही. लिहिला, आणि आज सकाळी शहाजीबरोबर जाऊन पोस्टात टाकूनही आले. इथली टपालपेटी मला शोधावी लागली नाही, हे शशिकांतला मुद्दाम सांगितलं.

शुक्रवार, १७ मे

हे लिहू की नको, तासभर बसले आहे.

आयडाकडे चहाला गेले होते. बोलता बोलता म्हणाली, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांच्या नावांची पितळी पाटी आहे, तिच्यावर लेस्टरचं नाव नाही. आईने घालू दिलं नाही. सरकारने तो गेला असं कळवलं, पैसे देऊ केले, आईने कशावरच सही केली नाही. विमान सापडलं नाही, माणूस सापडला नाही. "घरात कुणी 'गेला' म्हणायचं नाही, असा नियम आहे. माझे वडील एकदा म्हणाले, तर ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती."

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, तेलाचा डबा संपला की नवा आणावा."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. आयडा, तो हार गेलेल्या माणसालाच घालतात, तुझ्या आईचं पाकीट अजून वाटेत असेल, तार कर, उघडू नकोस म्हणावं. एवढी वाक्यं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जोडून दिली मी, तारेच्या या टोकाची त्या टोकाला.

मी म्हटलं, "चहात साखर जास्त झाली."

अमेरिकेतल्या म्हातारीला कुठे कळणार आहे आमच्या हाराचा अर्थ? नेब्रास्कात कोण सांगायला बसलंय?

रविवार, २ जून

रमझान चालू आहे. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आयडाने हार अजून तिच्याकडेच ठेवलाय, लेस्टरच्या फोटोवर, तिच्या हॉलमध्ये. मागायचं तोंड नाही. आणि घाईही नाही.

ह्यांचा फोटो हाराशिवाय बरा दिसतो. धूळ कमी बसते. काच पुसायला सोपी. इतके दिवस हाराखाली त्यांच्या शर्टाची कॉलर दिसत नव्हती, ती दिसते आता. एक टोक नेहमीसारखं वर आलेलं. ऑफिसातून आत्ता येऊन बसलेत असं वाटतं. काल जेवताना मी सहज फोटोकडे बघून म्हटलं, "कॉलर नीट करा." मुक्ता म्हणाली, "आजी, हू आर यू टॉकिंग टु?" मालविकाने तिला चूप केलं.

शनिवार, १५ जून

कळलं. नेब्रास्कात सांगायला माणूस बसला होता.

आयडाची आई पडली, माकडहाड दुखावलं, हॉस्पिटलात आहे. सोबत तो झटपट फोटो नेला होता, उशाशी ठेवायला. तिथला डॉक्टर गुजराती निघाला. राउंडला आला, फोटो पाहिला, हात जोडले आणि अगदी आस्थेने विचारलं, "मुलगा कधी गेला, आजी?"

बिचारा. त्याचं काय चुकलं? त्याने फोटो वाचला. मी लिहिला तसा वाचला.

आयडा दुपारी दोनच्या उन्हात डोक्यावर काही न घेता रस्ता ओलांडून आली. बसली नाही. "व्हीबा, तो हार मेलेल्यांचा असतो का?"

मालविका आतून पाणी घेऊन येत होती, ती तिथेच थांबली.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "आमच्याकडे प्रांताप्रांतात वेगळं असतं." तेवढ्यावर थांबले असते तरी माणसात राहिले असते. पुढे म्हटलं, "आणि हार मी नाही घातला. शहाजीने घातला. खेड्यातला माणूस आहे, त्याला कुठे काय कळतं."

आयडा हळूच म्हणाली, "त्याला रागावू नकोस."

आणि गेली. मालविका पाण्याचे ग्लास परत आत घेऊन गेली.

सोमवार, १७ जून

मालविका नेहमीपेक्षाही हळू बोलते आहे. मला मुळीच कुणाची दया नको.

बाजारात जाताना शहाजी आपणहून म्हणाला, "त्या समोरच्या मडमबाई काल थांबल्या हुत्या माझ्यापाशी. हातात हात घेतला आन् हिंदीत म्हनाल्या, तुम अच्छा आदमी. म्या अरबीत म्हनलं, शुक्रन. पर कशापायी, आईसाहेब? म्या काय केलं?"

मी म्हटलं, "सामान उचललंस ना तिचं."

"येवढ्यापायी रडत्यात व्हय मान्सं?"

खिडकीबाहेर आमच्या मदिनत खलीफा वस्तीच्या सगळ्या भिंती एकाच रंगाच्या आहेत. सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, विभावरी, तुझी जीभ तुझ्या आधी स्वर्गाच्या दाराशी जाईल आणि तुझी जागा घालवेल. तेव्हा मी वर्गात सगळ्यांना हसवलं होतं.

बुधवार, १९ जून

उद्या ईद असावी, चंद्राची वाट पाहताहेत. आयडा आज नेब्रास्काला गेली. जायच्या आधी मी तिच्याकडे गेले. मालविका म्हणाली, "मी येऊ सोबत?" मी म्हटलं नको. मग दाराशी तिने माझ्या पदराची गाठ सुटली होती ती बांधून दिली. असं काही तिने पूर्वी केलं नव्हतं, की मीच पाहिलं नव्हतं कोण जाणे.

आयडा पलंगावर बॅग उघडून बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. हार मी घातला. तो गेलेल्यांनाच घालतात, आणि हे मला घालताना ठाऊक होतं. शहाजीचं नाव मी घेतलं कारण तो माझ्याहून लहान माणूस आहे आणि त्याला उलटून बोलता येत नाही. सगळं इंग्रजीत सांगितलं, व्याकरणात एक चूक नाही. त्याचीही लाज वाटली.

आयडाने एक ब्लाउज घडी केला. "मला माहीत आहे, तू घातलास," ती म्हणाली. "मी आत आले तेव्हा तू स्टुलावर उभी होतीस. दोरा तुझ्या हातात होता."

मला आठवलं. आठवलं म्हणजे, सगळं डोळ्यांपुढे आलं, या वहीत मीच लिहिलेलं.

"मग त्याला रागावू नकोस असं का म्हणालीस?"

"तुला वेळ हवा असेल असं वाटलं."

मी भांडायला तयार होऊन गेले होते. शिव्या खायलाही तयार होते. ऑपरेटर मुलींना मी सांगायची, समोरचा ओरडला की आपला आवाज खाली ठेवायचा, मग तो हरतो. ते मला दुसऱ्या टोकाला बसून कधी ऐकायला लागलं नव्हतं.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"कमी बोलते. डॉक्टरवर चिडली नाही, हेच वाईट. पूर्वी चिडली असती." बॅगेची चेन अर्ध्यात अडकली, ती ओढता ओढता म्हणाली, "तिने मला फोनवर विचारलं, आयडा, त्या बाईला काही कळलं होतं का? इंडियातली आहे, तिकडे काही सापडलं असेल, विमान, कुणी माणूस. म्हणून तिने हार घातला का? मी म्हटलं, नाही आई, तिला काहीही ठाऊक नाही."

काहीही ठाऊक नाही. माझ्याविषयी इतकं नेमकं अजून कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी शहाजीला सांगितलं, हार तू घातलास असं मी मडमबाईंना खोटंच सांगितलं होतं, त्यांनी म्हणून तुझा हात धरला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आईसाहेब." तेवढंच. उतरताना दार उघडायला मात्र आला नाही. बरं केलं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आयडा परत आली. अडीच महिने. तिच्या घराचे पडदे उघडलेले दिसले तरी मी दोन दिवस गेले नाही. आज तीच आली, पातळ कागदात गुंडाळलेला हार घेऊन.

तिची आई घरी आहे, काठी घेऊन चालते. चर्चमधून माणूस आला होता, पाटीवर नाव घालू का विचारायला. आई म्हणाली, तुम्हाला हवं तसं करा. जाकीट खुंटीवरून काढून तिने गरिबांसाठी कपडे नेणाऱ्यांना देऊ केलं. आयडाने दिलं नाही, सोबत इथे आणलंय. "पण यंदा तेल लावणार नाही म्हणाली. डबा मलाच देऊन टाकला. म्हणाली, आता काय करायचाय."

मी म्हटलं, "मला माफ कर."

ती म्हणाली, "ऑक्टोबरात ये. तेल कसं लावायचं मला आठवत नाही. दोघी मिळून बघू."

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. मी लक्ष देऊन ऐकत होते.

ती गेल्यावर कागद सोडवला. चंदनाचा वास कमी झाला होता, तिच्या घरचा साबणाचा वास आला होता. खुर्ची ओढली, चढले. मालविका नेहमीसारखी दारात येऊन उभी.

ह्यांचा फोटो समोर. कॉलरचं टोक वर. ओठ, काहीतरी विचारायच्या बेतात असलेले: चहा झाला का, शशीचं पत्र आलं का. चार महिने मी या माणसाशी भांडते आहे, वेळ सांगते आहे, कॉलर नीट करा म्हणते आहे. हार हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

"आई, राहू द्या ना," मालविका म्हणाली. "तुम्ही हार काढलात तेव्हाही मी म्हणूनच नाही विचारलं. बाबा असेच बरे वाटतात तुम्हाला. आम्हालाही. तुम्ही त्यांच्याशी बोलता ते ऐकू येतं."

तिने मला हात देऊन उतरवलं. हार मी कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला.

माझा माणूस माझ्या डोळ्यांसमोर गेला. मीच तोंडात पाणी घातलं होतं. तरी त्याला तो हार पुन्हा घालायला माझा हात वर गेला नाही. आणि त्या म्हातारीला मी तो टपालाने पाठवला.